पितळेचा विषाणू

लाखांदूरच्या कॉलेजात मी अकरावीला जीवशास्त्र शिकवतो. जिवाणूंवर जगणारा विषाणू, म्हणजे बॅक्टेरियोफाज, सतरा वर्षं फळ्यावर काढतोय. वर कोनाकोनांचं डोकं, खाली नळीसारखं शेपूट, त्याच्या टोकाला सहाकोनी तबकडी आणि चार पाय. डोळे मिटूनही काढीन, असं मी वर्गात सांगायचो.

बाबा भंडाऱ्याला पितळेची भांडी घडवायचे. मोतीबिंदू काढल्यावरही त्यांना धूसरच दिसत राहिलं. मग मी आणि धाकट्या भावाने परस्पर ठरवलं, की ऐरण आणि हातोड्या भंगारात द्यायच्या. भंगारवाला रविवारी येणार होता. बाबांना सांगायचं काम माझ्यावर आलं आणि माझी जीभ काही उचलेना. म्हणून मी त्यांना विषाणूचं मॉडेल करायला सांगितलं. ते जमणार नाही, त्यांचं त्यांनाच कळेल आणि मी सुटेन, असा माझा डाव होता. आज त्याची लाज वाटते.

बाबांनी माझं चित्र नाकाशी धरलं.

"हा कोनाले रोग देते?"

"जंतूले."

"मंग बरा आहे," म्हणाले आणि पत्रा कापायला बसले.

शेपटाला पितळेची नळी मिळाली. डोक्याचे वीस त्रिकोण त्यांनी बोटांनी चाचपून जोडले. कुठे फट नव्हती. मी शोधून पाहिली. शनिवारी दुपारी तबकडीपाशी त्यांचा हात थांबला.

"कोन सहा, पाय चार. दोन कोन रिकामे काहून ठेवले?"

"तसाच असते तो, बाबा."

"एकडाव पुस्तक पाह्य."

पाहिलं. सहा पाय. चित्रात मागचे दोन अर्धे झाकलेले होते, पण खाली स्वच्छ छापलं होतं. ती ओळ मी दरवर्षी मुलांना मोठ्याने वाचायला लावायचो.

बाबांनी आणखी दोन पाय कापले.

रविवारी भंगारवाला आला. मी दारातच म्हटलं, काही द्यायचं नाही. आत हातोडी चालू होती, ती त्यालाही ऐकू आली असावी. तो गेला.

सोमवारी मॉडेल टेबलावर ठेवलं आणि वर्गाला सांगितलं, पाय सहा असतात, दुरुस्त करून घ्या.

पहिल्या बाकावरच्या मुलीने विचारलं, "सर, कधीपासून?"

"पहिल्यापासून," मी म्हणालो. "मलाच दिसत नव्हते."