तिसऱ्याचा हात

वाशिमला गंगारामभाऊंच्या फोटो स्टुडिओत कुणी आलं, की भाऊ आधी त्याच्या सावलीकडे पाहत आणि मग तोंडाकडे. लोकांना तो उद्धटपणा वाटे. भाऊंचा तो धंदा होता. वेगवेगळे फोटो कापायचे, चिकटवायचे, सांधा ब्रशने बुजवायचा आणि त्याचा पुन्हा फोटो काढून कधी न घडलेला प्रसंग उभा करायचा, ही त्यांची विद्या. मी शाळेत चित्रकला शिकवत असे. उन्हाळ्याच्या सुटीत ती विद्या शिकायला जाऊ लागलो.

पहिलं काम मिळालं ते मेडशीच्या एका जमीनदाराला मंत्र्यांशेजारी उभं करण्याचं. स्वराज्य नवं होतं. मंत्र्याला न भेटताही त्याच्याशी घरोबा असावा, असं पुष्कळांना वाटे. मी जीव ओतून चिकटवलं. भाऊंनी एक नजर टाकली.

"मास्तर, मंत्र्याच्या नाकाची सावली उजवीकडे, याची डावीकडे. दोघाईले येगयेगळा सूर्य देल्ला काय तुमी?"

जमीनदाराला फोटो पसंत पडला. त्याने त्यात फक्त स्वतःलाच पाहिलं होतं.

मग केनवडची म्हातारी आली. तिचे दोन मुलगे शेताच्या धुऱ्यावरून, म्हणजे बांधावरून, भांडले होते आणि चार वर्षं एकमेकांशी बोलत नव्हते. "मराच्या आदी दोघाईच्या मधात बसून एक फोटो पायजे मले," ती म्हणाली. "पन ते एका जागी येत नाहीत."

भाऊंनी तिला खुर्चीवर बसवून एके दिवशी थोरल्याला उजवीकडे उभं केलं, दुसऱ्या दिवशी धाकट्याला डावीकडे. सावल्या जुळल्या, सांधा बुजला. तरी दोघे आईच्या बाजूला नव्हे, कोर्टात उभे राहिल्यासारखे दिसत. भाऊंनी माझ्या हाताचा फोटो काढला, कापला आणि खुर्चीमागून थोरल्याचा म्हणून धाकट्याच्या खांद्यावर ठेवला.

"भाऊ, हे खोटं झालं," मी म्हटलं.

"अन् बाकीचं खरं हाये काय?"

म्हातारीने फोटो भिंतीवर लावला. पुढच्या बाजाराच्या दिवशी थोरला स्टुडिओत शिरला, मागोमाग धाकटा.

"हा हात माहा नाही!" थोरला गरजला.

"त्याचाच हाये, भाऊ. आता लाजून राह्यला," धाकटा गंगारामभाऊंना म्हणाला. भावाशी बोलणं बंदच होतं.

"हे माहे बोटं पाहा, अन् हे फोटोतले पाहा! बाईमानसाचे असल्यावानी!"

मी दोन्ही हात खिशात घातले.

"असं कसं समजन?" भाऊ गंभीरपणे म्हणाले. "त्याच खांद्यावर ठेवून दाखवा. मंग पाहू."

थोरल्याने तावातावाने धाकट्याच्या खांद्यावर पंजा आपटला. धाकटा हलला नाही. भाऊंनी कॅमेऱ्याचा रबरी फुगा दाबून फोटो टिपला. बोटं पाहून झाली, तरी पंजा थोडा वेळ तिथेच होता.

तो फोटो घेऊन आम्ही केनवडला गेलो. भाऊंना एवढं खूश मी कधी पाहिलं नव्हतं. म्हातारीने फोटो जवळ धरला, लांब धरला.

"हा खोटा, बनवेल हाये," ती म्हणाली. "थोरल्याचं तोंड पाहा. असा रागानं कोनी भावाच्या खांद्यावर हात ठेवते काय? भिंतीवरचाच खरा."

भाऊंनी तिच्या हातून फोटो परत घेतला. "हो माय," ते म्हणाले, "तोच खरा."

परत आणलेला फोटो त्यांनी स्टुडिओच्या दर्शनी भिंतीवर लावला. भाऊ गेले तोवर तो तिथेच होता. भाऊंची ख्याती ऐकून आलेली गिऱ्हाइकं त्यावरून बोट फिरवत सांधा शोधत. भाऊ त्यांना शोधू देत.