राब भाजला, आता पेरणार कोण?

दहावीनंतर आमचं गाव झरी सोडलं, तेव्हा बाबा मला सडकेपर्यंत पोचवायला आले होते. डोक्यावर पत्र्याची पेटी, पायात काही नाही. जीप आली, त्यांनी पेटी टपावर चढवली, दोरी दोनदा ओढून बघितली आणि मला म्हणाले, "मागं वळून बघू नको, गाडी लागेल." एवढंच. आई घरीच थांबली होती. तिला त्या दिवशी वाडीवर चिकू वेचायला जायचं होतं, खाडा परवडत नव्हता.

झरीतल्या माझ्या माणसांनो, आणि वापी, सुरत, बोईसरला गेलेल्यांनो, तुम्ही म्हणाल, तलासरीतून डहाणूला गेलीस, त्यात एवढं काय? तासाभराचा रस्ता. खरंय. पण तो तास ओलांडायला मला वीस वर्षं लागली. वसतिगृह, बी.एस्सी., मग कॉलेजात प्रयोगशाळा सहाय्यकाची नोकरी, भाड्याच्या चार खोल्या एकामागून एक. आमच्या घरात कॉलेजची पायरी चढलेली मी पहिली. हे मी लाजत सांगत नाही. आणि दोन वर्षांपूर्वी डहाणूत स्वतःच्या नावावर घर घेतलं, तेही लाजत सांगत नाही.

घर जुनं, बैठं, मंगलोरी कौलांचं. दहा वर्षं बंद होतं. चौकटींना वाळवी, न्हाणीच्या भिंतीत पिंपळ, आणि मागची वाडी तर दिसतच नव्हती. घाणेरी माणसापेक्षा उंच, तिच्यावर गुळवेल चढलेली, तिच्याआड तीन चिकूची झाडं आहेत हे मला खरेदीनंतर महिन्याने कळलं. त्यातल्या एका चिकूखाली मी बराच वेळ उभी राहिले होते. आई आयुष्यभर दुसऱ्यांचे चिकू वेचत राहिली आणि हे तीन बघायला राहिली नाही.

कॉलेजातले म्हणाले, "मॅडम, साफसफाईला नाक्यावरून माणूस लावा."

सकाळी नाक्यावर कामासाठी उभी राहणारी माणसं कुठून येतात हे मला ठाऊक आहे. आमच्याच पाड्यांवरून. मी म्हटलं, "लावलाय की. मीच." प्रत्येक रविवारी कोयता घेऊन मी वाडीत उतरायचे. सोमवारी प्रयोगशाळेत बाटल्या पुसताना हातावरचे ओरखडे मुलं बघायची. बघू देत.

घराचं काम वेवजीच्या महेशभाई गवंड्याकडे दिलं. हा माणूस एका वाक्यात मराठी सुरू करून गुजरातीत संपवतो, पण त्याचा ओळंबा कधी चुकत नाही. त्याने कौलं उतरवून पुन्हा चढवली, वायरिंग बदलून घेतलं, फरशी काढून टाईल्स बसवल्या. हे सगळं मी कशासाठी घाईने करत होते ते सांगते. मला बाबांना पावसाळ्याआधी इथं आणायचं होतं.

आई गेल्यापासून ते झरीत एकटे होते. गेल्या वर्षीच्या पावसाळ्यात दोन दिवस तापात पडून राहिले आणि कोणाला पत्ता नव्हता. तिसऱ्या दिवशी शेजारच्या काकूंना चुलीचा धूर दिसला नाही म्हणून त्यांनी आत डोकावलं. मला फोन आला तेव्हा मी एका भांड्यात द्रावण ढवळत होते, ते तसंच टाकून पळाले. भाऊ वापीला कंपनीत, त्याची एक खोली आणि त्यात चौघं. तेव्हाच ठरवलं, आणखी एक पावसाळा बाबांनी एकट्याने काढायचा नाही.

फेब्रुवारीत त्यांना घर दाखवायला आणलं. हात पाठीमागे बांधून सगळ्या खोल्या फिरले. टाईल्सवरून पाय घासून बघितला. म्हणाले, "छान आहे. दवाखान्यासारखं."

"मग राहायला कधी येता?"

"मी इथं काय करू, बाय? खुर्चीवर बसू? आजारी आहे का मी?"

संध्याकाळच्या गाडीने परत गेले. मी चिडले आणि चिडल्यावर मी जे करते तेच केलं, आणखी काम काढलं. त्यांच्या खोलीला मोठी खिडकी, संडासात धरायला दांडी, नवीन पंखा. मला वाटत होतं घर चांगलं झालं की ते येतील. शिकलेल्या माणसाला असंच वाटतं.

मे महिन्यात ते पुन्हा एकदा बघायला यायला तयार झाले. "बघीन आणि सांगीन," म्हणाले. रविवारी येणार होते. शनिवारी मी मागं गेले तर कापलेल्या घाणेरीचे, फांद्यांचे, पाल्याचे ढीग कंबरेएवढे. कचऱ्याच्या गाडीवाल्याने आधीच हात जोडले होते, "ताई, ओला कचरा घेऊ, सुका घेऊ, जंगल नाही घेणार."

तेव्हा माझे हात आपोआप कामाला लागले. लहानपणी दर उन्हाळ्यात आम्ही शेतात राब भाजायचो, ते तुम्हाला सांगायला नको. पण ज्यांची मुलं आता वापीत जन्मली त्यांच्यासाठी लिहिते. रोपं करायची जागा पेरण्याआधी भाजून घ्यायची. खाली फांद्या, वर पाला, वर गवत, मोडलेल्या शेणी, आणि सगळ्यावर बारीक मातीचा थर. मग वाऱ्याच्या उलट बाजूने विस्तव लावायचा, म्हणजे आग धावत नाही, रांगते. वीस वर्षांत मी एकदाही केलं नव्हतं, पण थर बरोबर पडले. मला स्वतःचं कौतुकही वाटलं. धूर निघाला तसा कुंपणापलीकडून शेजारच्या हंसाबेनचा आवाज आला.

"सुनीताबेन! आ शुं चालू केलं? माझी धुतलेली चादर काळी झाली!"

"आग विझतेय, हंसाबेन. चादर मी धुऊन देते."

"चादर धुशील, माझा खोकला कोण धुणार?"

रविवारी सकाळी महेशभाई आले. आदल्या दिवशी बाबांच्या खोलीला प्लास्टर झालं होतं, त्यावर पाणी मारायचं होतं. त्यांनी मोटर चालू केली आणि मागच्या वाडीत काळ्या राखेतून पुरुषभर उंच कारंजं उडालं.

बोअरवेलची प्लास्टिकची पाईप बरोबर राबाखालून गेली होती. चार बोटं खोल. रात्रभर मंद आचेवर ती वितळली होती. शहरात वाढलेल्या कोणी तिथं राब भाजला नसता, आणि झरीत जमिनीखाली पाईप नसते. ही चूक फक्त माझ्यासारखीच करू शकते, जिचा अर्धा जीव इकडे आणि अर्धा तिकडे.

"मॅडम," महेशभाई शांतपणे म्हणाले, "पाणी नाही मिळालं तर प्लास्टर फाटी जशे."

मी तोंड उघडायच्या आत कुंपणावरून हिरवी नळी आली. हंसाबेन खोकत होत्या, पण नळ त्यांनीच सोडला होता. "घे. भिंतीला मार. तुला नाही, भिंतीला देते मी."

आणि अशा वेळी फाटकात बाबा. खांद्यावर पंचा, हातात पिशवी. अंगण चिखल, मी चिखल, भिंतीवर नळी धरलेला गवंडी. माझ्या मनात आलं, संपलं. आता हे दारातूनच परत जाणार.

ते सरळ मागं गेले. उकिडवे बसले, चिखल नसलेल्या कडेची राख दोन बोटांत चोळून बघितली.

"कोणी भाजला?"

"मी."

"बरा भाजलाय. माती जरा जाड टाकलीस." मग वर बघून विचारलं, "पेरणार काय?"

"काही नाही, बाबा. कचरा होता, जाळला."

भात शिजवून ओतून दिला म्हणून सांगावं, तसं त्यांनी माझ्याकडे बघितलं. "राब भाजून रिकामा ठेवतात होय? एवढी शिकलीस आणि हे विसरलीस?"

महेशभाईंनी मध्ये तोंड घातलं. "काका, मॅडमना इथं शोची झाडं लावायची आहेत."

"शो पोटात जातो का?" बाबा म्हणाले आणि पंचा डोक्याला गुंडाळला.

तासाभरात बाबा आणि महेशभाईंनी मिळून पाईप उकरली, जळका तुकडा कापून नवा जोडला आणि या वेळी हातभर खोल गाडली. तेवढ्यात बाबांनी वाडीचा उतार बघून घेतला होता. पाणी साचत नाही, म्हणजे भात नाही. नाचणी, आमची नागली, होईल. घरात ते गेलेच नाहीत. मोठी खिडकी, दांडी, पंखा, काही बघितलं नाही. संध्याकाळी म्हणाले, "जातो."

मी त्यांना गाडीत बसवून आले.

चार दिवसांनी ते परत आले. एका पिशवीत नागलीचं बी, दुसरीत कपडे, आणि टोपलीत दोन कोंबड्या. हंसाबेनने कुंपणावरून टोपली बघितली आणि कपाळाला हात लावला. "हवे आ पण? आता हे पण?"

"अंडं तुम्हाला पहिलं," बाबा म्हणाले. तेव्हापासून त्या दोघांचं भांडण रोज सकाळी नियमाने चालू आहे.

पावसाळा त्यांनी इथं काढला. राबावर पेरलं, रोपं उपटली, चिकूंपासून लांब, उन्हाच्या बाजूला लावली. टाईल्सवर अजूनही चटई अंथरून निजतात आणि पंखा बंद ठेवतात. महिन्यातून एकदा झरीला जातात, दार उघडतात, अंगण झाडतात, सारवतात, देवापुढे दिवा लावतात. ते घर सुटलेलं नाही, सुटूही नये. मी सोबत जाते तेव्हा बंद घराचा वास येतो आणि परत निघवत नाही, तेही खोटं नाही. पण पूर्वी मला वाटायचं घर एकच असतं आणि ते आपण मागं टाकून आलो. तसं नसतं. चांगल्या भिंती बांधून मी बाबांना बोलावत होते, आणि त्यांना हवं होतं आपल्यावाचून अडलेलं काम. ते जिथं असतं तिथं माणूस पाहुणा राहत नाही.

परवा भावाचा वापीहून फोन आला. बाबांनी उचलला, कणसांनी भरलेल्या वाडीत उभे राहून.

"बाबा, कुठं आहात?"

"घरी."

"कुठल्या घरी?"

"नागली कापायला आलीय त्या घरी," बाबा म्हणाले. "रविवारी ये. पोरांना आण. विळे आहेत, माणसं कमी पडतायत."