हौदात गेलेली पोथी

मी जन्माचा भित्रा आहे. हे आधीच सांगून टाकलेले बरे, म्हणजे पुढच्या हकिकतीत कोणी माझे धैर्य शोधत बसणार नाही. वीज कडाडली की मी देवघरात जाऊन बसतो. सरकारी फडात मी कारकुनी करतो; तिथे वरिष्ठ नुसते खाकरले तरी माझा बोरू अडखळतो. आणि असा मी गेली कित्येक वर्षे, महादेवाने हलाहल प्राशन केल्याची कथा ओव्यांत रचीत होतो. समुद्र घुसळला, विष वर आले, देव आणि दैत्य दोघेही पळत सुटले आणि तो एकटा जागचा हलला नाही, एवढीच ती कथा. आमच्या कुटुंबाला याची मौज वाटे. घरात पाल निघाली की ती मला आधी बाहेर जायला सांगे आणि मग झाडू घेई.

पण पाल आणि वीज ही किरकोळ भये. खरे भय निराळेच होते, आणि ते मी कोणाजवळ बोललो नव्हतो. हा ग्रंथ कोणी न ऐकताच मी मरून जाईन, हे ते भय. आमच्याकडे ग्रंथ लोकांत जायचा तर देवळातल्या पुराणिकाने तो वाचायला घ्यावा लागतो. श्रोत्यांना रुचला तर कोणी नक्कल करून घ्यायला पोथी मागतो, त्या नकलेवरून दुसरा करतो, आणि अशा रीतीने तो गावोगाव जातो. नाहीतर तो लिहिणाऱ्याच्या फळीवर राहतो आणि त्याच्या माघारी वाळवीला मिळतो. नारायण पेठेत आमच्याच आळीत अशी वाळवीची पोटे भरणारे दोघे-तिघे होऊन गेले होते. त्यांची घरे ओलांडताना माझी पावले उगाच भरभर पडत.

नदीकाठच्या महादेवाच्या देवळात जे शास्त्रीबुवा पुराण सांगत, त्यांच्याकडे मी एकदा धीर करून पोथी दिली होती. चातुर्मास सुरू होताना दिली, संपल्यावर आणायला गेलो. पोथी गुंडाळलेल्या तांबड्या बासनावर मी घाबरत घाबरत दोन गाठी मारल्या होत्या. दोन्ही गाठी जशाच्या तशा होत्या. शास्त्रीबुवांनी पोथी माझ्या हातात ठेवली आणि म्हणाले, "ग्रंथ वजनदार आहे हो. उचलतानाच कळलं." भोवतालची मंडळी हसली. मीही हसलो, कारण न हसणे त्याहून वाईट दिसले असते. मग घाटाच्या पायरीवर बसून रडलो. दुसऱ्या दिवशी मात्र पहाटे पुन्हा लिहायला बसलो. हे कशाच्या बळावर झाले ते मला अजून कळलेले नाही. त्याला चिकाटी म्हणवत नाही. लिहिले नाही तर त्या दिवशी भय जास्त वाटे, एवढेच.

अशात एके दिवशी शत्रूची फौज पुण्यावर चालून येत असल्याची आवई उठली. दुपारपर्यंत आवईची बातमी झाली. लोक भांडी आडात सोडू लागले, दागिने जमिनीत पुरू लागले, बैलगाड्यांसाठी हातापाया पडू लागले. माझी पाचावर धारण बसली. पोथी बरोबर न्यावी तर वाटेत लुटारू, घरी ठेवावी तर घरात लुटारू. तांबडे बासन दिसले की आत जरीकाम असेल म्हणून ते आधी सोडून पाहतात, असे कोणीतरी सांगितले होते. तेव्हा मला एक युक्ती सुचली. मी बासन काढून टाकले, पोथीची सुटी पाने घरी पडून असलेल्या फडातल्या जुन्या, बाद झालेल्या कागदांच्या गठ्ठ्यात मधोमध घातली आणि तो गठ्ठा माळ्यावर फेकून दिला. रद्दी कोण लुटणार? भीतीमुळे कोणाला सांगितलेही नाही, कुटुंबालासुद्धा नाही. भिंतींना कान असतात असे मला त्या काळात खरोखरच वाटत असे.

आम्ही सिंहगडाच्या पायथ्याशी एका नातलगांकडे जीव मुठीत धरून राहिलो. रोज कोणीतरी येई आणि अमुक पेठ जळाली, तमुक वाडा खणला असे सांगे. मी ऐकत राही आणि मनात म्हणे, महादेवा, घर गेले तरी चालेल, पण ती पाने राख. आता आठवले की लाज वाटते. बायको शेजारी बसलेली असताना मी पानांसाठी देव पाण्यात घालून बसलो होतो.

फौज गेली आणि आम्ही परतलो. घर उभे होते, पण आत काही जागेवर नव्हते. जमीन खणलेली, माळा उलटापालटा केलेला, कागद अंगणभर पसरून चिखलात तुडवलेले. मला पोहोचताक्षणीच फडावर बोलावणे आले. तिथेही तीच अवस्था होती, आणि चार-पाच दिवस मी फक्त आंघोळीपुरता घरी येत होतो. अंगणातले कागद चाळावे किंवा माळ्यावर चढून पाहावे एवढेही धैर्य झाले नाही. पाने नसली तर, या विचारानेच मी शिडीपासून परत फिरे. अखेर एका संध्याकाळी वर चढलो, तर माळा झाडून लख्ख केलेला. खाली येऊन विचारले. कुटुंबाने सांगितले की कसब्यातला एक कागद करणारा, कागदी, आमच्या पेठेत फिरून फाटके कागद गोळा करीत होता, त्याला तिने सगळी रद्दी देऊन टाकली. माझे तोंड पाहून तिला कळले. तिचा हात तोंडावर गेला. "अहो, पण त्याला तांबडं बासन नव्हतं," एवढेच ती म्हणाली.

सकाळी मी कसब्यातल्या कागदीपुऱ्याकडे अक्षरशः धावत गेलो. हे कागदी लोक मुसलमान, पिढ्यान्‌पिढ्या पुण्यातले. आम्ही फडात ज्या कागदावर लिहितो तो तेच करतात. जुना कागद भिजवायचा, दगडांनी कुटायचा, धुवायचा आणि हौदात कालवून त्याचा नवा कागद काढायचा, ही त्यांची रीत मला ऐकून ठाऊक होती, पण पाहिली नव्हती. पाहिली ती आता. तीन माणसे ओल्या लगद्यावर एका लयीत दगड मारीत होती. बाजूला न कुटलेल्या कागदांचे ढीग होते. त्यांत असेल, असेल, म्हणत मी ते उपसू लागलो. एक म्हातारे गृहस्थ पुढे आले. कारखाना त्यांचाच होता. मी कसेबसे सांगितले. त्यांनी ऐकून घेतले आणि एक मोठी टोपली माझ्यापुढे आणून ठेवली.

टोपलीत कागदाच्या नुसत्या पट्ट्या होत्या. प्रत्येक पट्टीवर श्री लिहिलेला. आपल्याकडे पत्र असो, हिशेब असो, माथ्यावर श्री काढल्यावाचून कोणी अक्षर लिहीत नाही. म्हाताऱ्यांच्या वडिलांचा दंडक होता की देवाचे नाव, मग ते तुमच्या देवाचे असो की आमच्या, दगडाखाली जाऊ द्यायचे नाही. म्हणून ते प्रत्येक कागदाचा माथा आधी फाडून घेत, उरलेला लगेच भिजत घालीत आणि टोपली भरली की ती नावे नदीत सोडीत. मी पट्ट्या चाळू लागलो. फडातले सगळे श्री काळ्या शाईचे. माझ्या पोथीतले मी हिंगुळाच्या तांबड्या शाईने काढले होते. एक तांबडा श्री हाती आला, मग दुसरा, मग ओंजळभर. सगळे आले. म्हणजे पोथी इथेच आली होती, आणि श्रीच्या खालचे जे काही होते ते हौदात गेले होते.

त्या क्षणी जे भय वाटले तसे लुटारूंचेही वाटले नव्हते. शास्त्रीबुवांनी पोथीची गाठ सोडली नाही ते एक वेळ ठीक, ते माणूस होते. पण इथे देवाने आपले नाव तेवढे काढून घेतले आणि माझे सारे शब्द टाकून दिले, असे मला वाटले. तुझे काही नको, असेच जणू त्याने सांगितले.

म्हाताऱ्यांनी मला सावलीत बसवले. माफी वगैरे मागितली नाही, आणि त्यात त्यांचा दोष तरी काय होता. थोड्या वेळाने त्यांनी विचारले, "काय लिहिलं होतं त्यात?"

इतक्या वर्षांत हे मला कोणी विचारले नव्हते. ग्रंथ किती पानांचा, कोणत्या वृत्तात, कोणासाठी, हे विचारणारे भेटले होते. आत काय आहे, हे कोणी नाही. मी सांगू लागलो. सांगता सांगता आठवतील तशा ओव्या म्हणू लागलो. माणसे दगड मारीतच होती. समुद्र घुसळण्याचे वर्णन त्या लयीवर बरे बसत होते, हे त्या अवस्थेतही माझ्या लक्षात आले. मध्येच थांबलो की म्हातारे म्हणत, "मग?" मी पुढे जाई. विष वर आले. झाडे वाळली, पाखरे पडली, सगळे पळाले. आणि तिथे मी थबकलो.

विष पिण्याचा प्रसंग माझा सर्वांत लाडका होता. तो मी अनेकदा खोडून पुन्हा लिहिला होता, कठीण कठीण शब्द शोधून आणले होते. आणि आता त्यातले एक अक्षर आठवेना. पुढे अगदी कोरे. "मग?" म्हातारे म्हणाले. "सगळे पळाले, मग तो का नाही पळाला?"

मी डोळे मिटले. महादेवा, माझ्याजवळ काही उरले नाही, एवढेच मनात म्हटले. मागणे म्हणून नव्हे. खरोखरच काही उरले नव्हते. आणि तोंडून शब्द आले:

सकळ पळाले दाही दिशा ।
मागे राहिला एक भोळासा ।
ओंजळ धरूनि म्हणे, तृषा ।
लागली मज ॥

हे माझ्या पोथीत नव्हते. असे साधे मला कधी सुचलेच नव्हते. माझा शंकर आजवर फार मोठमोठ्याने बोलत असे. विष घेताना तो नुसता तहान लागली म्हणेल, पळणाऱ्यांना लाज वाटू नये म्हणून असे म्हणेल, हे मला त्या घटकेपर्यंत ठाऊक नव्हते. मी डोळे उघडले तेव्हा दगड थांबलेले होते. कुटणाऱ्यांपैकी एकाने उपरण्याने तोंड पुसले आणि तो दुसरीकडे पाहू लागला. ते शब्द कोणी दिले याचा वाद मी घालत नाही. मी तिथे होतो, आणि ते माझे नव्हते, एवढे मात्र सांगतो.

म्हातारे उठले. त्यांनी भिंतीवर वाळत लावलेले कागदाचे ताव एकेक करून उतरवले, खळ लावून घोटून गुळगुळीत केलेले काही आतून आणले आणि माझ्या मांडीवर ठेवले. त्याच हौदातला तो कागद. धुऊनही थोडा करडा राहिलेला. म्हणाले, "हे लिहून ठेवा, राव. हे काही मी दगडाखाली घालणार नाही."

घरी आलो तर कुटुंब चुलीपाशी बसलेली. आदल्या दिवसापासून ती जेवली नव्हती. मी तिला ती ओवी म्हणून दाखवली. तिने चुलीतले लाकूड मागे ओढले. मग म्हणाली, "हा शंकर बरा आहे. आधीच्याला मी भीत होते." म्हणजे आधीचाही तिने ऐकला होता. मी पहाटे पुटपुटत लिहीत असे तेव्हा ती जागी असे, सगळी वर्षे. आणि मी समजत होतो की मला ऐकणारे कोणी नाही.

ग्रंथ पुन्हा लिहिला. पहिल्यापेक्षा पुष्कळ लहान झाला. देवळात तो अजून वाचला गेलेला नाही. शास्त्रीबुवांकडे पुन्हा नेऊन दिला आहे आणि रोज छातीत धडधडते. आता कोणी वाचो न वाचो, मला काही वाटत नाही, असे लिहिले तर ते खोटे होईल. वाटते. पण महादेवा, तू ओंजळ पुढे केलीस तेव्हा तुझी वाहवा करायला तिथे कोण थांबले होते? सगळे तर पळाले होते. तरी तू प्यालास. मला तुझ्याइतके होणार नाही. माझे हात कापतात, ते कापत राहोत. तू त्यांत बोरू ठेवलास, तो काढून मात्र घेऊ नकोस. आज पहाटे नवा ताव घेतला आहे, आणि ती आत जागी आहे हे मला ठाऊक आहे, म्हणून जरा मोठ्याने म्हणत लिहितो आहे.