आघाड्याची दांडी

ढोले सर आकृत्या फाडायचे. लाल शाईनं रेघ वगैरे मारण्याच्या भानगडीत ते पडत नसत. टरकन आवाज यायचा आणि दोन तुकडे ज्याचे त्याच्या हातात. माझी पहिली आकृती फाडली तेव्हा मला कॉलेजात येऊन जेमतेम आठवडा झाला होता. मी तासभर खपून, परकार फिरवून खोडाचा गोल काढला होता आणि पाणी वाहून नेणाऱ्या नळ्यांचे जुडगे त्यात सारख्या अंतरावर मांडले होते.

"हे कुठं पाह्यलं?" सरांनी विचारलं. मी मायक्रोस्कोपकडे बोट दाखवलं. ते वाकले, डोळा लावला. "इथं तं एक जुडगा मोठा हाये, एक चपटा हाये, आन् ह्या अंगानं तुनं कापताना चेंदामेंदा केला हाये. कागदावर मात्र दिवाळीची रांगोळी! खोटं कायले बोलतं, बाई?"

खोटं! बोरी अरबला आमच्या घरी मला कोणी खोटारडी म्हटलं नव्हतं. तळपायाची आग मस्तकात गेली. मावशीकडे राहत होते. तिथं जाऊन जेवले नाही, तणतणत राहिले. दुसऱ्या दिवशी मुद्दाम वाकडीतिकडी, जशी दिसली तशी आकृती काढून सरांसमोर आपटली. त्यांनी पुन्हा डोळा लावला, कागद पाहिला आणि एवढंच म्हणाले, "हां. आता पाह्यलं."

एकसष्ट-बासष्टची गोष्ट आहे. कॉलेजचं नाव घेत नाही, घेतलं की तोंड कडू होतं. जिल्ह्यातल्याच एका गावातलं होतं, एवढं पुरे. सर मूळचे केळापूरचे, कास्तकाराच्या घरातले. बुटके, रुंद खांद्यांचे, शर्टाच्या बाह्यांवर सॅफ्रनिनचे लाल डाग. हा लाल रंग आम्ही खोडाच्या कापावर लावायचो, सर तो अंगावर वागवायचे. शिकवायचे इंग्रजीत, रागवायचे वऱ्हाडीत. आणि राग तर नाकाच्या शेंड्यावर! शिपायावर राग, पुस्तकावर राग, हजेरीवर राग. पण वस्तरा हातात घेतला की बोटं अशी स्थिर व्हायची की पाहत राहावं. पातळ, पाण्यात तरंगणारा काप निघायचा. आमचे काप जाडजूड. "हे सेक्शन व्हय का भजं?" ते विचारायचे. एकदा मी रागारागानं कापताना अंगठा चिरून घेतला, तेव्हा चिंधी बांधता बांधता म्हणाले, "राग करू नको असं मी म्हननार नाही. मलेच जमत नाही. पन तो डोक्यात ठेव, बोटात उतरू देऊ नको."

झाड बाहेरून ओळखल्याशिवाय ते कापू देत नसत. डोळे मिटायला लावायचे आणि हातात दांडी द्यायचे. पेर कुठं फुगलंय, पानं समोरासमोर होती की एकाआड एक, अंगावर लव आहे की कडा आहेत, हे बोटांनी सांगायचं. मुलं हसायची, म्हणायची, सर आंधळी कोशिंबीर खेळवतात. "झाड बाहेरून जे सांगते तेच आतून सांगते," सर म्हणायचे, "मानसासारखं दुतोंडी नसते ते." पुस्तकात मका आणि सूर्यफूल, सर आम्हाला ज्वारीचं धांडं, कपाशीची पऱ्हाटी, तूर, धुऱ्यावरचं म्हणजे बांधावरचं तण, सगळं कापायला लावायचे. परीक्षेत हे येत नाही, अशी तक्रार पोरांनी प्राचार्यांकडे केली होती. बरोबरच होतं त्यांचं. परीक्षेत दरवर्षी सूर्यफूलच यायचं, आणि ते प्राचार्यांच्याच बंगल्यातल्या वाफ्यातून यायचं.

माझं घोडं कुठं अडलं होतं तेही सांगते. बाबांनी मला शिकायला पाठवलं ते एका अटीवर. "पास होत राह्यली तं शीक. एकदा नापास झाली का लगन." पाहुणे तर दारात उभेच होते. दुसऱ्या कुणाचं वर्ष गेलं तर वर्षच जायचं, माझं सगळंच जाणार होतं. सरांना हे ठाऊक होतं. मीच रडकुंडीला येऊन सांगितलं होतं एकदा.

शेवटच्या वर्षाची प्रात्यक्षिक परीक्षा आली. विद्यापीठाकडून बाहेरचे परीक्षक आले. त्यांची सरबराई काय विचारता! प्राचार्यांच्या बंगल्यावर पुरणपोळ्या, वर तुपाची धार. साहेब ढेकर देत प्रयोगशाळेत आले, पंख्याखाली खुर्ची टाकून बसले. आमच्या टेबलांवर बशा ठेवल्या होत्या, प्रत्येक बशीत स्पिरिटातला दांडीचा एक तुकडा. कापा, रंगवा, आकृती काढा, ओळखा. स्पिरिटात पडलं की हिरवा रंग निघून जातो आणि सगळ्या दांड्या सारख्याच पांढुरक्या दिसतात. पोरांनी बशीकडे नीट पाहिलंसुद्धा नाही. सूर्यफूल! पाठ केलेली आकृती काढायला भराभर पेन्सिली चालल्या.

मी सवयीनं डोळे मिटले आणि दांडी बोटांत फिरवली. सूर्यफुलाची खरखरीत लव नव्हती. कडा लागल्या. पेर गुडघ्यासारखं फुगलेलं, आणि पानांचे वण समोरासमोर. हे सूर्यफूल नव्हे. काप घेतला, रंगवला, डोळा लावला. सूर्यफुलाचा मधला गाभा मोकळा असतो. इथं गाभ्याच्या मधोमध दोन जुडगे बसले होते, शेजारी शेजारी. आघाडा! गणपतीच्या पत्रीत वाहतो तो, आमच्या परसात माजतो तो आघाडा. मी दिसलं तसं काढलं आणि खाली नाव लिहिलं.

झालं होतं ते असं, नंतर कळलं. प्राचार्यांच्या वाफ्यात बकऱ्या शिरल्या आणि सूर्यफुलं खाऊन गेल्या. शिपाई घाबरला. बोलणी कोण खाणार? विहिरीजवळ दिसला तो आघाडा त्यानं कापला आणि सूर्यफुलाच्या बरणीत भरला. त्याला मी काही बोलत नाही. गरीब माणूस, नोकरी जाईल म्हणून भ्याला. पण पंख्याखाली बसलेला तो माणूस कोणाला भीत होता?

साहेबांनी खुर्चीतूनच कागद तपासले. त्यांच्या यादीत लिहिलं होतं सूर्यफूल. बाकी सगळ्यांच्या कागदावर सूर्यफूल. माझ्या एकटीच्या कागदावर आघाडा. त्यांनी फुली मारली. सर आतले परीक्षक म्हणून शेजारी बसले होते. माझा कागद पाहिला, ताडकन उठले, माझ्या टेबलाशी आले, वाकले. परत गेले तेव्हा कानशिलं लाल झाली होती.

"साहेब, मुलीचं बरोबर हाये. या, पाहा."

"मिस्टर ढोले, मला गाडी गाठायची आहे."

"डोळा लावाले किती वेळ लागते?"

"सगळी मुलं चूक आणि ही एक बरोबर?"

"हो! सगळे चूक! आन् पाह्यलं नाही तं तुमीबी चूक!" सर गरजले.

प्राचार्य धावत आले. शिपायाला बाहेर नेऊन विचारलं, त्यानं कबूल केलं. म्हणजे त्यांना खरं काय ते कळलं होतं, हे लक्षात घ्या. कळूनही आत येऊन काय म्हणाले? "ढोले, ताणू नका. आमच्या बरणीत भलतंच निघालं असं बाहेर गेलं तर परीक्षेचं केंद्र जाईल. ही मुलगी आघाडा खोडून सूर्यफूल लिहील, मधले दोन ठिपके पुसेल, साहेब तिला पास करतील. तुम्ही गुणपत्रकावर सही करा. मिटलं." मला बोलावलं. माझा कागद पुढ्यात ठेवला. वर खोडरबर आणि पेन!

मी सरांकडे पाहिलं. ते खिडकीबाहेर पाहत होते. म्हणाले, "मी काही सांगनार नाही. डोळे तुहे, वर्ष तुहं. तूच ठरव."

असा संताप आला मला सरांचा! एवढा आरडाओरडा करणारा माणूस नेमका आत्ता गप्प बसतो? लिही म्हटलं असतं तर लिहून मोकळी झाले असते. नको म्हटलं असतं तर सगळा दोष त्यांच्यावर टाकता आला असता. पाहुणे डोळ्यांसमोर दिसत होते. पण खोडरबर उचललं आणि पहिल्या आठवड्यातला तो आवाज आठवला, खोटं कायले बोलतं, बाई? मी खोडरबर खाली ठेवलं. "मले पास करू नका," मी म्हणाले, एरवी सरांसमोर जपून शुद्ध बोलणारी मी, "नुसतं एकदा वाकून पाहा."

साहेबांनी घड्याळ पाहिलं आणि निघून गेले.

मी नापास झाले. सरांनी गुणपत्रकावर सही केली नाही. ती कोणाकडून तरी करून घेतली गेली. सरांची नेमणूक पक्की नव्हती, दरवर्षी जूनमध्ये पुढे चालू व्हायची. त्या जूनमध्ये झाली नाही. कारण विचारायची सोय नव्हती. चोर सोडून संन्याशाला फाशी म्हणतात ते हेच. शिकवणाऱ्यांपैकी एकानंही तोंड उघडलं नाही. सगळे मूग गिळून बसले आणि निरोपाला चहा पाजला. सर चहा न घेता उठले, तेवढंच काय ते समाधान.

पण त्याआधी ते बोरी अरबला आले, बाबांशी भांडायला. होय, भांडायलाच! ओसरीवर बसायच्या आधीच सुरू झाले. "पोरगी नापास नाही झाली. पाह्यनारा नापास झाला, नाव हिचं आलं."

"मास्तर, निकाल तो निकाल. आपलं बोलनं ठरलं होतं," बाबा म्हणाले.

"ठरलं होतं ते अभ्यासाचं. खोटं लिवन्याचं ठरलं होतं काय? लिवलं असतं तं आज पास असती. तशी पोरगी पाह्यजे होती तुमाले?"

बाबा आईकडे वळून म्हणाले, "पाह्य वो, माह्याच घरात येऊन मलेच दाबून राह्यला हा मानूस!" दोघांचे आवाज रस्त्यावर ऐकू जात होते. शेवटी आईनं पिठलं-भाकर पुढं केली तेव्हा थांबले. जेवता जेवता बाबा पुटपुटले, "ऑक्टोबरच्या परीक्षेपावेतो थांबतो. मंग नाही."

ऑक्टोबरला दुसरेच परीक्षक होते, म्हातारे गृहस्थ. पाठीत उसण भरलेली, तरी कण्हत कण्हत प्रत्येक मायक्रोस्कोपशी वाकले. मी पास झाले. पेढे घेऊन केळापूरला गेले. सर तेव्हा जवळच्याच पांढरकवड्याच्या शाळेत लागले होते. तिथं मायक्रोस्कोप नव्हता. साधं भिंग घेऊन पोरांना पानं दाखवायचे. पेढे पाहून भडकले. "कायले आनले? जे मार्चातच होतं ते आता कागदावर आलं, एवढंच." मग दोन खाल्ले.

काकूंनी, म्हणजे सरांच्या पत्नीनं, मला आत बोलावलं. त्यांना बोलायचं होतं. "त्या एका दांडीपायी आमचं बिऱ्हाड उठलं पोरी. कॉलेजातली नौकरी गेली, लेकराईच्या शाळा सुटल्या. असं होतं तरी काय तिच्यात? म्या तं पाह्यलीच नाही. ह्यायले विचारलं तं म्हनतात, सांगून नाही समजत, पाहा लागते."

सर काही वर्षांनी काविळीनं गेले, श्रावणात. मी तेव्हा दारव्ह्याला शाळेत शिकवत होते. कॉलेजनं शोकसभा ठेवली. कारण काय, तर सरांचे जुने विद्यार्थी आता हुद्द्यांवर पोचले होते, त्यांनी आग्रह धरला. सभागृहाचं छत गळत होतं म्हणून सभा आमच्याच प्रयोगशाळेत. टेबलावर सरांचा फोटो, हार, उदबत्ती. शेजारी खुर्चीवर काकू. आणि अध्यक्ष कोण? तेच साहेब! पुरणपोळीवाले, गाडी गाठणारे. मधल्या काळात ते आमच्या कॉलेजचे प्राचार्य होऊन आले होते.

बोलायला उठले. "कै. ढोले यांची निरीक्षणशक्ती असामान्य होती. जे दिसेल तेच सांगायचं, हा त्यांचा बाणा आपण सर्वांनी..."

मला पुढचं ऐकवेना. जिवंतपणी त्या माणसाची भाकरी हिसकावली आणि आता त्याच्या फोटोपुढं त्याचेच गोडवे! लाज कशी वाटत नाही? मी उभी राहिले आणि जे घडलं ते सगळं सांगितलं, नावानिशी. कोणीतरी माझा पदर ओढत होतं. साहेब म्हणाले, "बाई, जुनी गोष्ट आहे. ही वेळ नव्हे."

"त्याही दिवशी तुमच्याजवळ वेळ नव्हता," मी म्हणाले.

तेवढ्यात काकूंनी हळूच विचारलं, "निर्मला, ते दांडी इथं भेटन काय?"

मिळेल काय! प्रयोगशाळेच्या मागच्या भिंतीला आघाडा कमरेएवढा माजला होता. मी बाहेर गेले, एक दांडी मोडून आणली. खणात वस्तरा होता, सॅफ्रनिनची बाटली होती. अंगाची लाही लाही होत होती, पण हात हलला नाही. पातळ काप निघाला. रंगवला, काचपट्टीवर घेतला, मायक्रोस्कोप फोटोशेजारी ठेवला.

काकूंनी चष्मा कपाळावर सरकवला, पदर सावरला आणि वाकल्या. मी त्यांना एक डोळा मिटायला सांगितलं. बराच वेळ त्या तशाच होत्या.

"मधात दोन हायेत," त्या म्हणाल्या.

मग कमरेवर हात ठेवून सरळ झाल्या आणि अध्यक्षांच्या खुर्चीकडे पाहिलं. आवाज चढवला नाही.

"इतकं साफ दिसते, साहेब. तुमाले निस्तं वाकाचं होतं."

साहेब खुर्चीतून उठले नाहीत.