जांभळ्या केबलचं शेवटचं टोक

मी हट्टी आहे, हे आमच्या जाफराबादेकडच्या गावात सगळ्यांना माझ्या लहानपणापासून ठाऊक आहे. कारखान्यात ते कळायला जरा वेळ लागला, एवढंच.

जालन्याच्या त्या बियाणे कारखान्यात मी आयटीआयचा इलेक्ट्रिशियनचा दाखला घेऊन गेले होते. मला घेतलं ते लॅबमध्ये. ओल्या कागदावर मांडलेल्या दाण्यांना किती मोड आले ते पाहायचं आणि वहीत लिहायचं. बाकीच्या शिकलेल्या बायका तिथंच बसायच्या, म्हणून मीही तिथंच शोभेन असं साहेबांना वाटलं. साहेब म्हणजे आमचे प्लांट मॅनेजर. मी वर्षभर मोड पाहिले आणि दर महिन्याला त्यांच्या दारात जाऊन उभी राहिले. एकच वाक्य: "साहेब, मी इलेक्ट्रिशियन आहे." शेवटी ते कंटाळले. म्हणाले, "जा बाई, पॅनलवर जा. पण एक चूक झाली की परत लॅब." मी म्हटलं, चालेल. पुरुषांच्या किती चुका धरता, हे तेव्हाच विचारायला हवं होतं. राहून गेलं.

त्याच उन्हाळ्यात नवी लाइन आली. आमचं काम तसं सरळ आहे. शेतातून आलेलं बी चाळायचं, त्यातली माती-काडी उडवायची, लहान-मोठे दाणे वेगळे करायचे आणि पिशव्यांत भरायचे. त्यासाठी बी वर चढवणारा एलिव्हेटर, चाळण्या, पंखे, सरकते पट्टे, आणि या सगळ्यांना फिरवणाऱ्या अकरा मोटरी. जुन्या व्यवस्थेत प्रत्येक मोटरीपासून कंट्रोल रूमपर्यंत वायरींचा जुडगा यायचा. त्यातली एक वायर उंदरानं कुरतडली की ती शोधण्यात अख्खा दिवस जायचा. नव्या व्यवस्थेत प्रत्येक मोटरीचा ड्राइव्ह, म्हणजे तिचा वेग सांभाळणारा डबा, मशीनजवळच बसवला आणि सगळ्या ड्राइव्हना मिळून एकच जांभळी केबल. पहिल्यातून दुसऱ्यात, दुसऱ्यातून तिसऱ्यात, अशी थेट अकराव्यापर्यंत. फील्डबस म्हणतात त्याला. प्रत्येक ड्राइव्हला नंबर असतो. कंट्रोल रूममधला कंट्रोलर नंबर पुकारतो, ज्याचा नंबर त्यानंच उत्तर द्यायचं, बाकीच्यांनी गप्प बसायचं. आमच्या ग्रामसभेत एवढी शिस्त मी कधी पाहिली नाही.

लाइन विकणाऱ्या कंपनीचा माणूस वायरिंगचा नकाशा देऊन आणि ड्राइव्हमध्ये नंबर भरून निघून गेला. केबल ओढली आणि प्लग बांधले ते मी, एकटीनं, शिडीवर चढून. खाली उभं राहून सल्ले देणारे पुष्कळ होते.

या केबलची एक खोड आहे. तिची दोन्ही टोकं नीट बंद करावी लागतात. नाहीतर टोकाला पोचलेला संदेश तिथून माघारी फिरतो आणि मागून येणाऱ्या संदेशात मिसळतो. आडात वाकून ओरडलं की आपलाच आवाज आपल्या अंगावर येतो, तसं. टोक बंद करणारं बारीकसं सर्किट शेवटच्या प्लगमध्येच असतं. त्याला चिमूटभर वीज लागते, आणि प्लग ज्या ड्राइव्हला लावलाय त्याच्याकडूनच ते ती घेतं. कंपनीनं शेवटच्या टोकासाठी एक वेगळी डबीही पाठवली होती, स्वतःच्या विजेवर चालणारी. मी ती हातात घेऊन उलटीसुलटी पाहिली. म्हटलं, प्लगमध्ये आहे की सगळं, हे उगाच कशाला? आणि डबी कपाटात टाकून दिली. अतिशहाणा त्याचा बैल रिकामा, ही म्हण मला तोवर दुसऱ्यांसाठीच वाटायची.

लाइन चार दिवस झकास चालली. पाचव्या दिवशी दुपारी एलिव्हेटर भरल्या पोटी मध्येच थांबला. स्क्रीनवर सात ड्राइव्ह उत्तर देईनात. माणसं वर चढून हातानं बी उपसायला लागली, आणि अर्ध्या-पाऊण तासानं सगळे ड्राइव्ह आपणहून हजर. दुसऱ्या दिवशी काहीच नाही. तिसऱ्या दिवशी पुन्हा तेच. मी सगळे प्लग उघडून पुन्हा बांधले, केबल वीतवीत तपासली, अर्थिंग पाहिलं. पेरणी तोंडावर आलेली, दुकानदारांचे फोनवर फोन. शनिवारी कुणीतरी पॅनलच्या दाराला लिंबू-मिरची बांधून गेलं. मी ती तशीच राहू दिली. दृष्ट काढून लाइन चालली असती तर मला हवीच होती.

साहेब येता-जाता म्हणायचे, "काय मॅडम, लॅबातली खुर्ची अजून रिकामीच आहे बरं का." मी हसायची नाही. रडायची तर मुळीच नाही.

मी एरवी पॅनलजवळच डबा खायची. एक दिवस पॅकिंगच्या बायकांनी ओढून नेलं, म्हणून लाइनच्या पार शेवटाला, पिशव्या भरायच्या पट्ट्याजवळ जेवायला बसले. त्या पट्ट्यावर एक मामा होते. कारखाना उभा राहिला तेव्हापासूनचे, निवृत्तीला आलेले. त्यांची एक रीत होती. जेवायची सुट्टी झाली की पिशव्या भरणं थांबे, बी तेवढा वेळ वरच्या टाकीत साठे, आणि बायका आधी पट्ट्याखाली सांडलेलं बी गोळा करायला आत हात घालत. त्याआधी मामा पट्ट्याचा मेन स्विच खाली ओढायचे, खांद्यावरचा रुमाल त्यावर टाकायचे आणि मगच म्हणायचे, "घाला हात." मामा रुमाल उचलत नाहीत तोवर त्या स्विचला बोट लावायची कुणाची टाप नव्हती. फार वर्षांपूर्वी त्या पट्ट्यात एका बाईचा पदर गेला होता. ती वाचली, हात गेला. तेव्हापासूनची ही रीत. कुठल्या कागदावर लिहिलेली नव्हती, पण मोडलेली कुणी पाहिली नव्हती.

मामांनी स्विच ओढला. माझी भाकर अर्धी व्हायच्या आत एलिव्हेटरचा आवाज बसला.

माझा घास तोंडातच राहिला. शेवटचा पट्टा म्हणजे अकरावा ड्राइव्ह. तो मेला की त्याच्यावर जगणारा प्लगही मेला, आणि केबलचं टोक उघडं पडलं. ज्या दिवशी बाहेर माल न्यायला गाड्या उभ्या असत त्या दिवशी बायका दोन पाळ्यांत जेवत आणि पट्टा बंदच होत नसे. म्हणून त्या दिवशी बिघाड नाही, आणि पहिले चार दिवसही गाड्यांचेच होते. मी खरकट्या हातानं ऑफिसात धावले आणि दारातूनच ओरडले, "साहेब, सापडलं! मामांनी स्विच बंद केला की लाइन पडते!"

आनंदाच्या भरात तोंडातून हेच वाक्य निघालं. साहेबांनी त्याचा अर्धाच भाग ऐकला.

तासाभरात टाइप केलेला कागद माझ्यापुढं आला. ऑपरेटरनं परवानगीशिवाय मेन स्विच बंद केल्यामुळे बिघाड. ऑपरेटरला गोदामात पोती उचलायला पाठवावं. स्विच चालू ठेवून त्याला कुलूप घालावं. खाली इलेक्ट्रिशियनची सही. साहेब खुशीत होते. म्हणाले, "करा सही. तुमची वायर चांगली, तुमचं काम चांगलं. विषय खतम."

खोटं कशाला बोलू, पेन मी हातात घेतलं होतं. सही केली की मी सुटत होते. नाही केली तर चूक कुणाची, हे सांगावं लागणार होतं, आणि ती माझी होती. मग "स्विचला कुलूप" ही ओळ मी दुसऱ्यांदा वाचली आणि माझं डोकंच फिरलं. चालू पट्ट्यात बायकांनी हात घालायचे, ते कशासाठी, तर माझी वायर चांगली ठरावी म्हणून?

"मी ह्याच्यावर सही करत न्हाई, साहेब."

"का?"

"मामांनी केलं ते बिलकुल बराबर केलं. हात घालायच्या आधी मेन बंदच कराया पाहिजे. केबलचं टोक त्या स्विचच्या मागं मी नेऊन ठेवलं. डबी आल्ती, ती बी मीच लावली न्हाई. चूक माझी हाये."

साहेब खुर्चीत मागं रेलले. त्यांना हवं ते घरबसल्या मिळालं होतं. म्हणाले, "मग लॅब."

"लॅब तर लॅब. पण लाइन नीट करून जाईन. उद्या दुपारपर्यंत टाइम द्या."

दाराशी मामा येऊन उभे होते. त्यांना कुणीतरी सांगितलं होतं. हलक्या आवाजात म्हणाले, "कशाला माझ्यापायी भांडून राह्यली, पोरी? टाक सही. गोदामात बी भाकर भेटतीच की."

"मामा, तुम्ही मधी बोलू नका. तुमच्यापायी न्हाई, मी माझ्या कामापायी भांडून राह्यले," मी म्हटलं. म्हाताऱ्या माणसावर मी खेकसले, त्याचं मला अजून वाईट वाटतं. पण बोलले ते खरं होतं.

साहेबांचा कागद मी टेबलावर तसाच ठेवला आणि माझा वेगळा लिहिला, हातानं, मराठीत. काय चुकलं, कुणी चुकवलं, कसं दुरुस्त करणार. खाली पूर्ण नाव आणि सही.

दुसऱ्या दिवशी सकाळी कपाटातली डबी काढली. कंट्रोल रूममधून तिला वेगळी वीज आणली, केबलचं टोक अकराव्या ड्राइव्हमधून पुढं नेऊन त्या डबीत बंद केलं. अकरावा पट्टा जेवायला गेला तरी बाकीच्यांची हजेरी चुकू नये, एवढंच कंट्रोलरला शिकवलं. दुपारी सगळे पट्ट्याभोवती जमले, साहेबही आले. मामांचा हात मात्र स्विचकडं जाईना.

"वढा, मामा," मी म्हटलं. "नेहमी वढता तसा."

त्यांनी ओढला. रुमाल टाकला. बायकांनी हात घातले. एलिव्हेटर चालत राहिला, चाळण्या थरथरत राहिल्या. जेवणाची सुट्टी संपेपर्यंत कुणी जेवलंच नाही, सगळे नुसते ऐकत उभे. स्क्रीनवर दहा जण हजर, एकटा अकरावा रजेवर. मला तिथंच नाचावंसं वाटलं. नाचले नाही.

साहेबांनी मला ऑफिसात बोलावलं. माझा कागद त्यांच्यापुढं होता. म्हणाले, "लाइन झाली, चांगलं झालं. पण एक चूक झाली की लॅब, हे आपलं ठरलं होतं. आणि चूक तर तुम्हीच लिहून दिलीय."

त्यांच्यामागच्या कपाटात बिघाडांच्या रिपोर्टांच्या फायली होत्या, कारखाना सुरू झाल्यापासूनच्या. मी तिकडं बोट दाखवलं.

"साहेब, त्यातला एक कागद मला दाखवा. ज्यानं चूक केली त्यानंच ती लिहिली अन् खाली सही ठोकली, असा एकच. कुणाचा बी दाखवा, तुमचा बी चालंल. मंग मी आत्ताच्या आत्ता आपल्या पायानं लॅबात जाते."

साहेबांनी कपाटाकडं वळूनसुद्धा पाहिलं नाही. मग माझा कागद उचलला, त्याला भोकं पाडली आणि टेबलावरच्या फायलीत लावला.

लॅबचं पत्र काही आलं नाही. मी पॅनलवरच आहे.