फुकटचं छत

“फळा आला, खडू आले, बाकं आली. आता करा तुमचं कोचिंग सुरू,” शेठ म्हणाले आणि नव्या मोबाइलवर बोलायला लागले.

हिंगोलीत आमचं ट्रॅक्टरचं शोरूम. शेठ मालक, मी सेल्स मॅनेजर. मी जिल्ह्यातल्याच गोरेगावच्या बाजारात सायकलवरून पत्रकं वाटत सुरुवात केली. इथवर कुणी बोट धरून आणलं नाही. तर कंपनीनं फर्मान काढलं, की प्रत्येक मॅनेजरनं आपल्या सेल्समनना कोचिंग द्यायचं. शेठना कोचिंग म्हणजे क्लास एवढंच माहीत. त्यांनी बाहेर तशी पाटीसुद्धा लावली. दुसऱ्या दिवशी एक बाई दहावीच्या गणिताची फी विचारायला आल्या. शेठनी त्यांना चहा पाजला आणि मला विचारलं, “वाघमारे, गणित जमते का तुमाला?”

मी भडकलो. पाटी स्वतःच्या हातानं उतरवली.

हे कोचिंग म्हणजे शिकवणी नव्हे. सेल्समन गिऱ्हाइकाशी बोलत असताना मॅनेजरनं बाजूला बसायचं आणि तोंड बंद ठेवायचं. नंतर त्याला एकट्याला घेऊन विचारायचं, काय जमलं, कुठं घसरलास, पुढच्या वेळी काय करशील. उत्तर त्याच्याच तोंडून काढायचं. काम सोपं आहे. फक्त तोंड बंद ठेवणं मला जन्मात जमलेलं नव्हतं.

सुरुवात इरफानपासून केली. बापाचं बांगड्यांचं दुकान सोडून तो माझ्या शब्दावर आमच्याकडं आला होता. दसऱ्यापासून त्याच्या नावावर एकही ट्रॅक्टर नव्हता. शेठनी सांगून टाकलं होतं, “गुढीपाडव्यापर्यंत एक काढला तर ठीक, न्हाई तर त्याला आपला सलाम.”

पहिल्याच गिऱ्हाइकाला इरफाननं झकास धरलं. गाडी अडली ती छतावर. छत म्हणजे ड्रायव्हरच्या डोक्यावर उन्हासाठी बसवायची चौकट. ते कंपनी देत नाही, वेगळं घ्यावं लागतं. गिऱ्हाइकाला ते फुकट हवं होतं. इरफान हलला नाही. गिऱ्हाईक उठलं, समोरच्या एसटीडी बूथमध्ये गेलं आणि हसत परत आलं. “शेठनं दिलं छत.”

सौदा शेठनी मिटवला, म्हणून ट्रॅक्टरही शेठच्याच नावावर लागला.

नियमाप्रमाणे मी इरफानला बाजूला घेतलं. “कुठं घसरलास?”

“साहब, मुझे छोडो,” तो म्हणाला. “कोचिंग शेठ को दो.”

त्याचं बराबर होतं. सगळ्या तालुक्याला ठाऊक होतं, की सेल्समनशी घासाघीस करायची आणि छत शेठकडून घ्यायचं. मी सेल्समनला कितीही घासून पुसून तयार केलं, तरी एका फोनवर सगळं पाण्यात.

मी केबिनमध्ये गेलो. “शेठ, पाडव्यापर्यंत मोबाइल बंद ठेवा.”

“बंद ठेवायला घेतला काय?”

“मग छत वाटू नका.”

“माणूस तोंड उघडून मागते. न्हाई कसं म्हणू? नाव जाते ना.”

मी टेबलावर हात आपटला. शेठ शांतपणे म्हणाले, “तुमी गरम काहून होऊन राहिले?”

तेव्हा डोकं ठिकाणावर आलं. मालकावर चिडून कुणी काही मिळवलेलं नाही. मालकाला विकावं लागतं. मी खुर्ची ओढून बसलो.

“शेठ, कंपनीच्या नियमात मुख्य कोच मालकच असतो. मी आपला मदतनीस.” असा कुठलाही नियम नव्हता.

“मुख्य कोच?” शेठ सावरून बसले. “फोटो छापून येते का?”

“येणारच. फक्त एक अट आहे. मुख्य कोचनं गिऱ्हाइकासमोर शब्द काढायचा न्हाई. काढला की पद गेलं. अन् मोबाइल माझ्याकडं.”

पुढचा सौदा कनेरगाव नाक्यावरच्या ढाब्यावर बसला. गिऱ्हाईक मुंजाजीराव, हळदीचे मोठे शेतकरी. इरफान बोलत होता. शेठ आणि मी मुके.

“छत टाका अन् हात मिळवा,” मुंजाजीराव म्हणाले.

“छत न्हाई, काका.”

मुंजाजीराव वळले. “शेठ, तुमी बोला. लेकराचं काय ऐकत बसू?”

शेठचं तोंड उघडलं. मी टेबलाखाली त्यांचा पाय दाबला. त्यांनी ताटातलं अख्खं मिरचीचं भजं तोंडात कोंबलं. डोळ्यांत पाणी आलं, पण शब्द आला नाही.

“शेठ रडून काहून राहिले?” मुंजाजीराव घाबरले. “एका छतासाठी?”

“काका,” इरफान म्हणाला, “तुमच्या आधीच्या ट्रॅक्टरला छत होतं ना?”

“व्हय.”

“मंग तो काहून विकला?”

मुंजाजीराव ताटातला कांदा चिवडत बसले. उत्तर माझ्या जिभेवर आलं होतं. मीही एक भजं कोंबलं.

“ऐन हळद काढायच्या दिवसात बंद पडला,” मुंजाजीराव शेवटी बोलले. “मेकॅनिक येतो येतो म्हणत राहिला. माल वावरात, मजूर बसून.”

“मंग तुमाला छत पाह्यजे का मेकॅनिक?” इरफाननं विचारलं. “हळदीत ट्रॅक्टर बंद पडला, की मेकॅनिक त्याच दिवशी वावरात. न्हाई आला तर मला धरा.”

मुंजाजीरावांनी शेठकडं पाहिलं. मान हलवायला बंदी नव्हती. शेठनी हलवली.

छताशिवाय सौदा झाला. पाडव्याला इरफाननं ट्रॅक्टरला हार घातला आणि नोकरीवर राहिला. आमच्या मेकॅनिकला वेळेवर पोचायला मोटारसायकल द्या म्हणून मी कधीपासून घसा कोरडा करत होतो. मान हलवून बसल्यामुळे शेठना ती द्यावी लागली.

पुढं नांदेडला कंपनीचा कार्यक्रम झाला. ‘उत्कृष्ट कोच’ची ढाल शेठना मिळाली. मालकानं गप्प बसण्याचं महत्त्व, या विषयावर ते थांबता थांबेनात. मागून जेवणाच्या घंटा झाल्या. त्या समारंभाचा फोटो अजून शोरूममध्ये आहे. त्यात डाव्या कडेला एक कोपर दिसतं, ते माझं.

त्याच आठवड्यात मी पगारवाढ मागायला गेलो. शेठनी मोबाइल बाजूला ठेवला आणि हाताची घडी घातली.

“वाघमारे, तुमाला नेमकं काय पाह्यजे?”

मी सांगितलं.

“काहून पाह्यजे?”

तेही सांगितलं. मग ते गप्प बसले. मी बोललो, ते गप्प. मी चिडलो, ते गप्प. मी शोरूमचा खर्च, उधारी, पावसाळ्यातली मंदी सगळं आपणच मांडलं.

“मंग आता काय करावं म्हणता?” त्यांनी प्रेमानं विचारलं.

“दसऱ्यापर्यंत थांबतो,” मी म्हणालो.

उत्तर माझ्याच तोंडून निघालं होतं. मालकाला गप्प बसायला शिकवायचं असेल तर जरूर शिकवावं. पण त्याआधी आपल्या पगाराचं बोलून घ्यावं.