अळीचे फोटो आणि सिंधूताईंची वायर

धामणगाव बढ्याला शेषराव फोटोवाल्यांच्या घरी दोन कॉम्प्युटर होते. ओसरीतल्यावर फोटो साफ व्हायचे, मागच्या खोलीतल्यावर डीव्हीडी बनायच्या. मधल्या खोलीतून शेषरावांनी स्वतः वायर ओढली होती आणि ‘आपलं नेटवर्क’ म्हणून ते पाहुण्यांना दाखवीत. त्यांच्या बायको सिंधूताई ओसरीतच शिलाई मशीन चालवीत. पाहुण्यांना मशीन कोणी दाखवत नसे.

२०१७ च्या हिवाळ्यात बीटी कपाशीवर गुलाबी बोंडअळी पडली आणि गावातली लग्नं पुढं गेली. शेषरावांचा कॅमेरा मात्र चालूच राहिला, कारण नुकसानीच्या अर्जाला म्हणे अळीचे फोटो लागत होते. सवय लग्नाची. शेतकरी उकंडराव कोट घालून आपल्या झाडापाशी उभे राहिले, तर शेषराव म्हणाले, “मान जराशी डावीकडं. बोंड छातीशी धरा. अन् हसू नका ना उकंडराव, नुकसान झालं तुमचं.” पहिल्या खेपेचे फोटो तालुक्याच्या कृषी ऑफिसानं परत केले. शेरा होता : भोवतीची फुलांची चौकट काढावी.

तीन गावांचे मिळून दोन हजारांवर फोटो जमले. मुदतीला दोन दिवस उरले असताना ते डीव्हीडीसाठी मागच्या खोलीतल्या कॉम्प्युटरवर जाईनात. पडद्यावर आलं, उरलेला वेळ पाच तास. चहा होईतो सात तास झाले. मग सगळं बंदच पडलं.

शेषरावांनी मोताळ्याहून मुजम्मिलला बोलावलं. तो कॉम्प्युटर दुरुस्त करी. त्यानं आधी व्हायरस काढला. मग फोटोच वजनदार आहेत म्हणाला. शेवटी मागच्या खोलीत चार शिंगांचा नवा राउटर बसवला, एकच फोटो पाठवून दाखवला आणि म्हणाला, “आता विमान हाय काका, विमान.” तो गेल्यावर विमान पुन्हा सात तासांवर आलं.

“अवो, मी पाहू का?” सिंधूताईंनी विचारलं.

“तू काय पाह्यशील? हे नेटवर्क हाय.”

“शिवण उसवली तं मी अख्खं झंपर फाडत नाई. कुठून उसवली थे पाह्यते.”

शेषराव जेवायला बसले. तेवढ्यात सिंधूताईंनी ओसरीतला कॉम्प्युटर उचलून मागच्या खोलीत नेला आणि राउटरला हातभर वायरीनं जोडला. शेषरावांची दुसरी भाकर संपायच्या आत दोन हजार फोटो पलीकडं गेले.

“म्हणजे दोन्ही मशीनी चांगल्या हायेत,” त्या म्हणाल्या. “राउटरबी चांगला. तुमची लांब वायर खराब हाय.”

शेषरावांना फोटो गेल्याचा आनंद झाला नाही. “माझ्या वायरीले काय झालं? मी सोता टाकली थे!”

सिंधूताईंनी वायर हातात धरली आणि धरूनच चालू लागल्या. मधल्या खोलीत ती कापसात शिरली. भाव वाढेल म्हणून शेषरावांनी घरचा कापूस तिथं आढ्यापर्यंत रचला होता. दोघांनी तास-दीड तास कापूस उपसला. भिंतीशी धान्याची पत्र्याची कोठी होती. कापसाला जागा करायला शेषरावांनीच ती सरकवली होती, आणि तिचा पाय नेमका वायरीवर बसला होता. वायर पापडासारखी चपटी झाली होती.

शेषराव अंगावरचा कापूस झटकत म्हणाले, “कोठी जड हाय आपली.”

मोताळ्याच्या बाजारातून सिंधूताईंनी नवी वायर आणली, भिंतीवर उंच ठोकली. मुजम्मिलला कळलं तेव्हा तो म्हणाला, “काकू, मी हेच सांगणार होतो.”

डीव्हीडी वेळेत ऑफिसात पोचल्या. वायरीची गोष्ट ऐकून आठ दिवसांनी तिथल्या बाबूंचा फोन आला. मुदत पंधरा दिवस वाढली होती, कारण बाबूंच्या टेबलावरून फोटो साहेबांच्या टेबलावर जात नव्हते. “ताई, तुम्ही येऊन पाह्यसान का?”

सिंधूताई बसनं गेल्या. बाबूंच्या टेबलापासून वायर हातात धरून निघाल्या, तर ती लोखंडी कपाटाखाली गेली.

“हे कपाट हलवा.”

“हलवाले परवानगी लागते,” बाबू म्हणाले. “साहेब दौऱ्यावर हायेत. तुम्ही अर्ज लिहून देता का?”

सिंधूताईंनी अर्ज लिहून दिला, त्यावर शिक्का मारून घेतला आणि दोनच्या गाडीनं परत आल्या. शिवायचे तीन ब्लाउज पडले होते.